कार्मेन क्रियाडो यांच्या फियाटविरुद्धची तक्रार मागे घेण्याविषयी

प्रति,
मा. मोटार दावे अधिकारी,
विमा कंपनीचे विभागीय कार्यालय,
अंधेरी (पूर्व), मुंबई ६९.

विषय : श्रीमती कार्मेन इसिडोर क्रियाडो, मरोळ गावठाण, यांच्या फियाट मोटारीच्या पूरनुकसानीबाबत आपणांकडे आलेली निनावी तक्रार रद्द करून गाडीची पुन्हा पाहणी करण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयास दि. २४ जुलै १९७४ रोजी मिळालेला ‘एक हितचिंतक’ अशा सहीचा अर्ज.
२) आपले दि. १ ऑगस्ट १९७४ चे श्रीमती क्रियाडो यांना आलेले खुलासा मागणारे पत्र.

महोदय,

१. अर्जदार डोरोथी हेन्री मिस्किटा, वय ३९, राहणार मरोळ गावठाण, ही शिधावाटप कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे. संदर्भ क्र. १ मधील निनावी अर्ज तिनेच लिहिला. त्यातील मजकूर खोटा आहे. तो का लिहिला आणि पुढे काय घडले ते खाली क्रमाने मांडले आहे. मजकूर लांबला तर क्षमा असावी. अर्जदार रोज खिडकीवर लोकांचे अर्ज घेते आणि “थोडक्यात लिहा” असे सांगते, परंतु ही हकीकत थोडक्यात लिहिली तर पुन्हा खोटी होईल अशी तिला भीती वाटते. स्वतःला ‘मी’ म्हणून लिहायला बसली असता तिचा हात चालेना, म्हणून सर्वत्र ‘अर्जदार’ असेच लिहिले आहे.

२. अर्जदाराचे पती श्री. हेन्री मिस्किटा हे अंधेरीच्या एका गॅरेजात एकोणीस वर्षे मेकॅनिक आहेत. कै. इसिडोर क्रियाडो त्याच गॅरेजात त्यांचे जोडीदार होते. इसिडोरने एका डॉक्टरांची जुनी फियाट घेतली आणि दोघांनी मिळून ती दुरुस्त केली. दोन वर्षांपूर्वी इसिडोर काविळीने वारला. त्याची बायको कार्मेन लग्नाचे केक करते. तीन मजली केक बसमधून नेता येत नाही, हे अर्जदारालाही मान्य आहे. त्यामुळे कार्मेनने गाडी चालवायला शिकायचे ठरवले आणि शिकवायला हेन्री गेले. आरे कॉलनीच्या रस्त्यावर अकरा रविवार ही शिकवणी चालली. अकरा हा आकडा अंदाजाने लिहिलेला नाही.

बाराव्या रविवारी अर्जदार म्हणाली, “मलाही शिकव ना.”

हेन्री म्हणाले, “तुला कशाला? आपल्याकडे गाडी कुठाय?”

बोलणे खरे होते. गाडी कार्मेनकडे होती. तेव्हापासून अर्जदार बसस्टॉपवर उभी असताना कार्मेन समोरून जाई, कोपर खिडकीबाहेर, मागच्या सीटवर पांढऱ्या कापडाखाली केक. ती गाडी थांबवून “चल, सोडते” म्हणे. अर्जदार प्रत्येक वेळी “बस येतेच आहे” असे सांगे. बस येत नसे.

३. दि. ५ जुलै रोजी शुक्रवारी दुपारपासून गावठाणात पाणी भरू लागले. कार्मेनचे घर उतारावर असल्यामुळे शेडमध्ये पाणी गाडीच्या खिडकीच्या काचेपर्यंत चढले आणि तसेच सकाळपर्यंत राहिले. अर्जदाराच्या घरात पाणी जेमतेम उंबऱ्यापर्यंत आले. शनिवारी सकाळी हेन्री चहा न घेता कार्मेनकडे गेले. अर्जदार एकटीच घरातला चिखल काढत होती. कार्मेनच्या शेडमध्ये अधिक चिखल होता हे तिला ठाऊक होते. पण आपल्या घरचा चिखल कमी पडला म्हणून नवरा दुसरीकडे गेला, हे मनाला पटवणे त्या सकाळी तिला जमले नाही.

४. पुढचे पंधरा दिवस हेन्री गॅरेज सुटल्यावर थेट कार्मेनच्या शेडमध्ये जात. सीटा काढून उन्हात घातल्या, दारांच्या आतला गाळ खरवडून काढला, तारा एकेक करून पुसल्या. घरी येत तेव्हा त्यांच्या हातांना वेगळ्या साबणाचा वास येई. मेकॅनिकच्या बायकोला ग्रीसचा वास कळतो, रॉकेलचाही कळतो. हा साबण घरातला नव्हता. कधी खिशात कागदात गुंडाळलेला केकचा तुकडा असे. “तुझ्यासाठी दिलाय,” हेन्री सांगत. अर्जदार तो सकाळी कोंबड्यांना घाली. केक चांगला असे. कोंबड्या तो लगेच संपवीत, याचाही तिला राग येई.

हेन्री मुळात कमी बोलणारे. घरी आले की जेवण, बिडी आणि झोप. अर्जदाराने लग्नानंतरच्या चौदा वर्षांत याविषयी तक्रार केली नाही. माणूस अबोल आहे, असे तिने धरून घेतले होते. दि. १६ जुलै रोजी संध्याकाळी पाऊस आला म्हणून ती छत्री घेऊन त्यांना आणायला गेली. शेडमध्ये तारेला बल्ब टांगलेला होता. कार्मेन इसिडोरची जुनी पँट घालून गाडीखाली आडवी होती आणि हेन्री शेजारी बसून तिला ब्रेकचे काहीतरी समजावीत होते. कार्मेनने विचारले, “म्हणजे हा तुटला तर गाडी धावते, पण थांबत नाही?” हेन्री म्हणाले, “इसिडोरसारखी.” आणि दोघे हसले. हेन्रींचे ते हसणे अर्जदाराने पूर्वी ऐकलेले नव्हते. ती भिंतीआडून परत फिरली. छत्री हातात होती, पण उघडायचे सुचले नाही.

त्या क्षणी कोणी तिला म्हणाले असते की यात गैर काय दिसले, तर तिला काही दाखवता आले नसते. बल्बच्या उजेडात, दार उघडे ठेवून, एक विधवा आणि नवऱ्याचा मित्र गाडी दुरुस्त करीत होते. गैर काही दिसले असते तर कदाचित सोपे गेले असते. तिथे दिसला तो बोलका हेन्री, आणि तो दुसऱ्याच्या शेडमध्ये होता.

५. दि. १७ जुलै रोजी आपले सर्व्हेअर श्री. चंद्रप्रकाश गाडी पाहून गेले. त्या रात्री जेवताना हेन्री आपणहून बोलले. म्हणाले, “सर्व्हेअरने विचारलं, माझ्या आधी इंजिन कोणी उघडलं? मी दुसऱ्याच दिवशी उघडलं. नसतं उघडलं तर पाणी सिलिंडरात राहून गंज धरला असता, इंजिन भंगारात गेलं असतं. प्लग काढले, हँडल मारलं, तर पाणी असं उडालं, डोरोथी, शेडच्या पत्र्याला लागलं.” त्यांनी हाताने ते कसे उडाले ते दाखवले. पाच-सात मिनिटे ते बोलत होते. अर्जदार भाकरी हातात धरून ऐकत होती, आणि तिला वाटत होते की हे सगळे तिकडे आधीच सांगून झालेले आहे, आपल्या वाट्याला ते शिळे आले आहे.

रविवारी, दि. २१ रोजी, हेन्री पुन्हा शेडकडे गेल्यावर तिने संदर्भ क्र. १ चा अर्ज लिहिला. हेतू एवढाच होता की दावा नामंजूर व्हावा, गाडी भंगारात जावी आणि संध्याकाळी दुरुस्त करायला काही उरू नये. अर्जात तीन मुद्दे होते. एक, इंजिन पुरापूर्वीच निकामी होते. दोन, पाहणीपूर्वीच ते उघडून, हँडल मारून आतले पाणी उडवून पुरावा नाहीसा केला. तीन, गॅरेजातील निकामी भाग आणून गाडीत बसवले आणि पुराच्या नावावर दाखवले. पहिला मुद्दा खोटा आहे. पुराच्या आदल्या दिवशीच कार्मेन त्या गाडीतून वसईला केक देऊन आली होती. दुसरा मुद्दा हेन्रींनी जेवताना सांगितले त्यावरून घेतला आणि उलटा केला. तिसरा मुद्दा पूर्णपणे रचलेला होता. दोन मुद्द्यांचा अर्ज कचेरीत कोणी मनावर घेत नाही, असा अर्जदाराचा अनुभव होता.

६. अर्ज नीट लिहिलेला असल्यामुळे त्याचा परिणामही नीट झाला. दावा थांबला. तिसऱ्या मुद्द्यामुळे आपल्या कार्यालयाने गॅरेजाकडे विचारणा केली आणि दि. ३ ऑगस्टपासून हेन्रींना चौकशी पुरी होईपर्यंत कामावर येऊ नका असे सांगण्यात आले. ज्या गॅरेजात एकोणीस वर्षांत त्यांच्यावर एका स्पॅनरचाही आळ आला नव्हता, तिथे त्यांची हत्यारांची पेटी सर्वांसमोर उघडून मोजली गेली. गाडीला हात लावायचा नाही, असे कळवले गेल्याने शेडमध्ये जाणेही बंद झाले.

अशा प्रकारे अर्जदाराला हवे होते ते मिळाले. नवरा संध्याकाळी घरी राहू लागला, सकाळीही राहू लागला. तो ओट्यावर बसून रस्त्याकडे बघे. तिने काही विचारले तर मान हलवी. पूर्वी दिवसाला चार वाक्ये तरी मिळत, ती गेली. फक्त एकदा म्हणाला, “लिहिणारा आतला माणूस आहे. मी हँडल मारलं ते त्याला माहीत आहे.” आणि थोड्या वेळाने, “पण ते तर मी फार कोणाला सांगितलं नाही.” अर्जदार तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

७. दि. ११ ऑगस्ट रोजी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर कार्मेन घरी आली. आपले खुलाशाचे पत्र आणि निनावी अर्जाची टाइप केलेली नक्कल तिने टेबलावर ठेवली.

“डोरोथी, तू ऑफिसातली. मला उत्तर लिहून दे. मला इंग्लिश बोलता येतं, कोकणी येतं, पण हे ‘सदरहू’ मला नाही येत.”

अर्जदाराने नक्कल हातात घेतली. ती तिचीच वाक्ये होती. टायपिस्टने एके ठिकाणी ‘निकामी’तला काना गाळला होता, तो दुरुस्त करायला तिचा हात पेनाकडे गेला. मग तिने पेन खाली ठेवले.

तिने विचारले, “कोणी लिहिलं असेल, तुला काय वाटतं?”

कार्मेन म्हणाली, “ते मला शोधायचं नाही. शोधून काय करू? मला लग्नांच्या सीझनआधी गाडी पाहिजे. सात ऑर्डरी घेतल्यात. आणि हेन्रीचं काम जायला नको. इसिडोर गेला तेव्हा माझ्या घरी रोज येणारा तो एकटाच माणूस. बाकीच्यांनी फुलं आणली आणि गेले.”

‘बाकीच्यांनी’ म्हणजे कोणी, ते तिने सांगितले नाही. अर्जदाराने त्या वेळी शेवंती नेली होती.

८. वस्तू न पाहता खुलासा लिहिणे योग्य नव्हे म्हणून अर्जदार त्याच दिवशी गाडी पाहण्यास गेली. इतके दिवस ती भिंतीआडूनच पाहत आली होती. गाडीची चाके काढून ती लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली आहे. दारांच्या आतून, काचेच्या खाली दोन बोटांवर गाळाची सरळ रेघ आहे, तशीच रेघ शेडच्या भिंतीवर त्याच उंचीला आहे. मीटरच्या काचेत अजून पाणी आहे. कोपऱ्यात फळांची लाकडी पेटी आहे आणि तिच्यात गाडीतून निघालेला प्रत्येक खराब भाग वर्तमानपत्रात गुंडाळून चिठ्ठी लावून ठेवलेला आहे. चारही प्लग, स्टार्टर, डायनॅमोचे ब्रश, चिखलाने भरलेला कार्ब्युरेटर, गंजलेले ब्रेकचे भाग. प्रत्येकाला तारीख आहे. औषधाच्या तीन बाटल्यांत इंजिनातून काढलेले तेल आहे. पाणी मिसळून ते दुधाळ चहासारखे झाले आहे आणि तळाला गाळ बसला आहे. पुरापूर्वीच बंद पडलेल्या इंजिनात नाल्याचा गाळ येत नाही, हे समजायला मेकॅनिक असावे लागत नाही.

कार्मेन म्हणाली, “सर्व्हेअरसाहेबांना मी पेटी दाखवत होते. पण त्यांना त्या दिवशी अकरा गाड्या बघायच्या होत्या. म्हणाले, नंतर पाहू.” याबाबत श्री. चंद्रप्रकाश यांना दोष देण्याचा हेतू नाही. त्या आठवड्यात सर्वांनाच घाई होती.

चिठ्ठ्यांपैकी निम्म्या हेन्रींच्या वाकड्या अक्षरात आहेत आणि निम्म्या कार्मेनच्या गोल, शाळेतल्या अक्षरात. एका बाटलीवर दोघांचेही अक्षर आहे. तारीख त्यांनी घातली आहे, मजकूर तिने. अर्जदार त्या बाटलीकडे बराच वेळ पाहत राहिली. परंतु पुरावा म्हणून ती बाटली सर्वांत उपयोगी आहे हे तिला त्याच वेळी कळत होते, म्हणून ती सोबत जोडली आहे.

९. चार दिवस अर्जदाराने खुलासा लिहिला आणि फाडला. निनावी अर्ज खोटा आहे असे कार्मेनच्या नावाने लिहिता येत होते, पण तो खोटा कशावरून, याचे खरे उत्तर एकच होते. दि. १५ ऑगस्टला कचेरीला सुट्टी होती. ती कार्मेनकडे गेली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “ते मी लिहिलं.”

कार्मेन केकच्या डब्याला लोणी लावत होती. तिचा हात थांबला नाही. पूर्ण डबा लावून झाल्यावर ती म्हणाली, “मला नक्कल वाचतानाच वाटलं होतं. आपल्या गावात इतकं चांगलं मराठी दुसऱ्या कोणाला येत नाही.”

“मग माझ्याकडेच का आणलंस?”

“तूच ते मोडू शकशील म्हणून. आता उत्तर लिही. आणि या खेपेला सही कर.” मग डबा बाजूला ठेवून ती म्हणाली, “तुझ्या नवऱ्यात मला काय पाहिजे, डोरोथी? तो ब्रेकबद्दल बोलतो. इसिडोरही तेच बोलायचा. मला तेवढं ऐकायला बरं वाटतं. ते पण तुला नको असेल तर तसं सांग, मी दुसरा मेकॅनिक बघते.”

अर्जदाराने यावर हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तेवढे मोठे मन तिच्यापाशी नव्हते. ती घरी आली.

१०. हेन्री ओट्यावरच होते. तिने त्यांनाही सांगितले. मग म्हणाले, “मला का नाही विचारलंस?”

“विचारलं असतं तर तू कार्ब्युरेटरचं सांगितलं असतंस.”

“सांगण्यासारखं तेच होतं,” हेन्री म्हणाले. आणि नंतर, “एक दिवस तुला सांगितलं, ते तू लिहून पाठवलंस.”

त्यांनी आपली खाट ओट्यावर टाकली. ती अजून तिथेच आहे.

काल शनिवारी अर्जदार हा अर्ज लिहायला बसली, तेव्हा ते आत आले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. “ते चुकीचं लिहिशील. मी सांगतो, तू लिही,” म्हणाले. मग त्यांनी पाणी कुठून शिरले, आधी काय काढले, काय धुऊन वापरता येते आणि काय बदलावेच लागते, ते पहिल्यापासून सांगितले. ते सोबतच्या यादीत आहे. मध्ये अर्जदाराने विचारले, “डायनॅमो म्हणजे नेमकं काय करतो?” त्यांनी तिच्याकडे पाहिले. मग कागदावर चित्र काढून सांगितले. दीड तास झाला. लग्नानंतर ते तिच्याशी सलग इतका वेळ बोलले नव्हते. राग मात्र गेलेला नव्हता. यादी पुरी झाल्यावर ते पुन्हा ओट्यावर गेले.

११. तरी विनंती की, संदर्भ क्र. १ चा अर्ज रद्द समजावा, सोबतची यादी व शेडमधील पेटी पाहून गाडीची पाहणी पुन्हा करावी, श्री. हेन्री मिस्किटा यांच्याकडे काही गैर आढळले नाही असे गॅरेजास लेखी कळवून त्यांना कामावर घेण्यास सांगावे. आणि खोट्या तक्रारीबद्दल जी काही कारवाई व्हायची ती एकट्या अर्जदारावर व्हावी. ती सरकारी नोकर आहे. अशा अर्जाचे काय होऊ शकते ते तिला आपल्यापेक्षा कमी ठाऊक नाही. तिच्या कार्यालयाचा पत्ता खाली दिला आहे.

१२. आणखी एक बाब. दुरुस्ती मंजूर झाल्यास ती मालकिणीच्या घरी न होता आपल्या मान्यतेच्या गॅरेजात, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळातच व्हावी, अशी अट घालता येते का ते पाहावे. गाडी नीट व्हावी, सातही केक वेळेवर पोचावेत, कार्मेनचे चांगले व्हावे, असे अर्जदाराला मनापासून वाटते. फक्त संध्याकाळी तो बल्ब लागू नये. तिने तक्रार मागे घेतली आहे. मत्सर तिला मागे घेता आलेला नाही, आणि खोटे न लिहिण्याचे ठरवल्यामुळे तसे लिहिताही येत नाही. अशी अट नियमात बसत नसेल तर परिच्छेद बारा आला नाही असे समजून वरील अकरा परिच्छेदांवर कृपया लवकर कार्यवाही करावी.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही) डोरोथी हेन्री मिस्किटा
कनिष्ठ लिपिक, शिधावाटप कार्यालय, अंधेरी
राहणार : मरोळ गावठाण, मुंबई ५९
दि. १८ ऑगस्ट १९७४

सोबत : १) श्रीमती क्रियाडो यांचा सहीचा खुलासा. २) पुरात खराब झालेल्या भागांची यादी, श्री. हेन्री मिस्किटा यांनी सांगितल्याप्रमाणे, पाने चार. ३) इंजिनातील तेलाची बाटली, एक. (भागांची लाकडी पेटी जड असल्याने शेडमध्येच ठेवली आहे, कोणत्याही दिवशी पाहता येईल.)